कविता पुराव्यादाखल : मुलांच्या ताब्याचे काही खटले आणि काही लेखक

जानेवारी १८१७ मध्ये लंडनच्या चान्सरी न्यायालयात एका दीर्घकवितेची प्रत पुराव्यादाखल सादर झाली. कविता होती 'क्वीन मॅब', कवी पर्सी बिश शेली, आणि वादाचा विषय होता त्याच्या दोन मुलांचा ताबा. शेली आपल्याकडे अभ्यासक्रमातून येतो तो पश्चिमवाऱ्याचा आणि चंडोलाचा कवी म्हणून. हा खटला चरित्रातल्या एखाद्या तळटीपेत आटोपतो. परंतु अपत्याच्या ताब्यासंबंधीच्या कायद्याचा इतिहास चाळू लागलो, की पुनःपुन्हा लेखकच समोर येतात, ही गोष्ट आम्हांला लक्षणीय वाटते. शेली, कॅरोलाइन नॉर्टन, अ‍ॅनी बेझंट आणि आपल्या काळातल्या गीता हरिहरन ही सारी लिहिणारी माणसे. यांपैकी काहींचे लेखन त्यांच्याविरुद्ध वाचले गेले, काहींच्या लेखनाने कायदाच बदलला. विभक्त झालेल्या आईबापांच्या मुलाने कोठे राहावे, कोणाला भेटावे, हा प्रश्न न्यायालय कसा सोडवत आले, हे या खटल्यांच्या आधारे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम त्या काळचा कायदा लक्षात घेतला पाहिजे. इंग्लंडच्या सामान्य कायद्यानुसार औरस अपत्यावर अधिकार बापाचा होता. आईला, ब्लॅकस्टोनच्या ग्रंथात सांगितल्याप्रमाणे, आदराखेरीज दुसरा अधिकार नव्हता. १८०४ च्या एका खटल्यात बापाने अंगावर पिणारे तान्हे मूल आईपासून हिसकावून नेले होते, आणि तरीही न्यायालयाने ते आईला परत देण्यास नकार दिला. अशा काळात शेलीसारख्या बापाचा हक्क हिरावला जाणे हा अपवाद होता. हा अपवाद का घडला?

शेलीची पहिली पत्नी हॅरिएट वेस्टब्रुक हिचा मृतदेह डिसेंबर १८१६ मध्ये हाइड पार्कमधील सर्पेंटाइन तलावात सापडला. शेली दोन वर्षांपूर्वीच तिला सोडून मेरी गॉडविनबरोबर निघून गेला होता. हॅरिएटच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, ३० डिसेंबरला, त्याने मेरीशी रीतसर विवाह केला. मुलांचा ताबा मिळण्यास त्याची मदत होईल अशी अपेक्षा त्यामागे होती. मुले दोन : साडेतीन वर्षांची आयांथी आणि दोन वर्षांचा चार्ल्स. त्यांचे आजोबा जॉन वेस्टब्रुक यांनी मुले देण्यास नकार दिला आणि चान्सरीकडे धाव घेतली. या न्यायालयाला राजाच्या वतीने अनाथ-अज्ञानांचे पालकत्व असे, पण व्यवहारात मुलाच्या नावे काही मालमत्ता असल्याशिवाय ते हात घालत नसे. म्हणून आजोबांनी नातवंडांच्या नावे दोन हजार पौंड गुंतवले, आणि मग मुलांकडे न्यायाची नजर वळली. ज्याच्याजवळ असे दोन हजार पौंड नसतील त्या मुलाच्या हिताची चिंता करणारे न्यायालयच नव्हते, हे येथे नोंदवून ठेवू.

'क्वीन मॅब' ही कविता १८१३ साली शेलीने खासगीरीत्या छापली होती. धर्मसंस्था, राजसत्ता आणि विवाहबंधन यांवर तीत आणि तिच्या टिपांत कडाडून हल्ला आहे. हॅरिएटला लिहिलेल्या पत्रांबरोबर ती न्यायाधीशांपुढे ठेवण्यात आली. लॉर्ड चान्सलर एल्डन यांनी २७ मार्च १८१७ रोजी निकाल दिला. त्यांचा युक्तिवाद असा, की केवळ मतांबद्दल बापाला शिक्षा करण्याचा हा प्रश्न नाही. या बापाची तत्त्वे स्पष्ट आहेत, त्या तत्त्वांतून घडलेले अनैतिक वर्तन सिद्ध झाले आहे, आणि तीच तत्त्वे मुलांना शिकवणे हे तो आपले कर्तव्य मानील. म्हणून मुले त्याच्याकडे देता येणार नाहीत. गंमत अशी, की स्वतः एल्डन यांनी तरुणपणी प्रेयसीला घरातून पळवून नेऊन लग्न केले होते. पण लग्न केले होते, हा भेद त्यांच्या दृष्टीने पुरेसा असावा.

मुले पुढे एका डॉक्टर दांपत्याच्या हाती सोपवली गेली. शेली १८१८ च्या मार्चमध्ये इटलीला गेला, आणि १८२२ मध्ये बुडून मेला तोवर मुलांची व त्याची गाठ पडली नाही. १८१९ साली लिहिलेल्या 'द मास्क ऑफ अनार्की' या कवितेत त्याने 'फसवणूक' या व्यक्तिरेखेच्या अंगावर एल्डनचा झगा चढवला. हा सूड कवीचा होता. त्याने मुले परत आली नाहीत.

या निकालाकडे आज पाहताना एक चूक सहज होऊ शकते. 'जुन्या काळी बापाचा हक्क पाहत, आता मुलाचे हित पाहतात' असे सरळसोट विधान पाठ्यपुस्तकांतून आढळते. परंतु एल्डन यांनी बापाचा हक्क बाजूला सारला तो मुलांच्या हिताच्याच नावाने. 'हित' हा शब्द कायद्यात सर्वोच्च ठरला तो शंभर वर्षांनंतर, हे खरे. पण तो शब्द येण्यापूर्वीही न्यायाधीश मुलांचे हित ठरवत होते, आणि ते ठरवताना आपल्या काळाची नीतिकल्पना त्यात ओतत होते. हे ध्यानात ठेवले नाही तर पुढचे खटले नीट कळणार नाहीत.

शेलीनंतर वीस वर्षांनी प्रश्न आईच्या बाजूने उभा राहिला. कॅरोलाइन नॉर्टन ही नाटककार शेरिडनची नात, स्वतः कवयित्री आणि कादंबरीकार. पती जॉर्ज नॉर्टन वकील होता आणि दंडाधिकारीही. म्हणजे कायदा त्याच्या घरचा होता. १८३६ मध्ये त्याने तिन्ही मुलगे तिच्यापासून दूर नेले, आणि तत्कालीन पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर पत्नीशी व्यभिचार केल्याचा दावा लावला. जूनमध्ये ज्यूरीने जागेवरून न उठताच तो दावा फेटाळला. या खटल्यात पत्नी ही पक्षकार नसल्याने कॅरोलाइनला बोलण्याचा अधिकारच नव्हता. अब्रूचा निकाल तिच्या बाजूने लागला, तरी मुले मात्र बापाकडेच राहिली. ती निर्दोष ठरली म्हणून कायद्याच्या दृष्टीने तिचे मुलांशी नाते निर्माण होत नव्हते. मुलगे स्कॉटलंडला पाठवण्यात आले.

तिच्यापाशी लेखणी होती, आणि तिने ती उचलली. १८३७ मध्ये आईच्या नैसर्गिक हक्कासंबंधी तिची पुस्तिका निघाली. १८३९ मध्ये 'पिअर्स स्टीव्हन्सन' या पुरुषी टोपणनावाने तिने लॉर्ड चान्सलरला उद्देशून अनावृत पत्र लिहिले. स्त्रीचा युक्तिवाद पुरुषाच्या नावाने गेला तर अधिक गांभीर्याने वाचला जाईल, ही तिची अटकळ त्या काळाबद्दल बरेच सांगते. संसदेत विधेयक मांडले थॉमस नून टॅलफर्ड यांनी. हेही लेखकच : 'आयॉन' या नाटकाचे कर्ते. डिकन्सने 'पिकविक पेपर्स' अर्पण केले ते यांनाच. १८३८ मध्ये उमरावांच्या सभागृहाने विधेयक फेटाळले. १८३९ मध्ये ते मंजूर झाले.

या कायद्याने दिले ते थोडे होते. सात वर्षांखालील मुलाचा ताबा आणि त्याहून मोठ्या अज्ञान मुलांची भेट, एवढ्यासाठी आईने चान्सरीकडे अर्ज करावा. व्यभिचार सिद्ध झालेल्या आईला तीही मुभा नाही. तथापि आईने मागायला न्यायालयाच्या दारात उभे राहता येते, हे यापूर्वी कायद्याने कधी म्हटलेच नव्हते. आणि ज्या आईने यासाठी लिखाण केले तिला मात्र त्याचा उपयोग झाला नाही, कारण कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता आणि मुलगे तेथेच होते. धाकटा विल्यम १८४२ मध्ये घोड्यावरून पडल्यानंतर दगावला. तेव्हा तो जेमतेम नऊ वर्षांचा होता. त्यानंतरच बापाने उरलेल्या दोघांना आईकडे अधिक मोकळेपणाने जाऊ दिले. संपर्काचा हुकूम आणि प्रत्यक्ष संपर्क यांमधले अंतर आजही कौटुंबिक न्यायालयांच्या वऱ्हांड्यात रोज दिसते. ते अंतर या कायद्याच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे.

तिसरा खटला आपल्या अधिक ओळखीच्या बाईंचा. अ‍ॅनी बेझंट यांचे नाव मराठी वाचकाला होमरूल चळवळीमुळे आणि लोकमान्यांच्या संदर्भात ठाऊक असते. त्यांच्या पूर्वायुष्यातील ही घटना मात्र फारशी सांगितली जात नाही. त्यांचे पती फ्रँक बेझंट हे धर्मोपदेशक. अ‍ॅनीबाईंची श्रद्धा उडाली, आणि १८७३ मध्ये दोघे विभक्त झाले. करार असा झाला, की मुलगा डिग्बी बापाकडे राहील आणि मुलगी मेबल आईकडे. पुढे १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासह त्यांनी संततिनियमनाची माहिती देणारी नोल्टन यांची पुस्तिका पुनर्मुद्रित केली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली दोघांवर खटला भरला गेला. शिक्षा झाली, १८७८ च्या आरंभी ती तांत्रिक मुद्द्यावर रद्दही झाली. पण त्याच वर्षी फ्रँक यांनी मेबलला परत मागितले. कारणे दोन : आई नास्तिक आहे, आणि तिने ते पुस्तक प्रसिद्ध केले आहे.

बेझंटबाईंनी स्वतःचा खटला स्वतःच चालवला, आणि न्यायाधीश सर जॉर्ज जेसल यांना बाईने असे उभे राहणे रुचले नाही हे त्यांनी लपवले नाही. त्यांच्या मते प्रश्न फक्त धर्ममतांचा नव्हता. अशा पुस्तकाच्या प्रकाशिकेशी कोणतीही प्रतिष्ठित स्त्री संबंध ठेवणार नाही, आणि म्हणून तिच्या घरात वाढणाऱ्या मुलीचे भवितव्य बिघडेल. जेसल हे इंग्लंडमधील पहिले ज्यू न्यायाधीश. धर्मावरून माणसाला बाजूला सारणे म्हणजे काय हे त्यांच्या समाजाला पुरते ठाऊक होते. तरीही समाज ज्या आईला वाळीत टाकील तिच्यापाशी मूल ठेवू नये, या तर्कापुढे ते गेले नाहीत. समाजाचा पूर्वग्रह चुकीचा असला तरी त्याची झळ मुलाला लागेल, म्हणून निकाल पूर्वग्रहाच्या बाजूने : हा युक्तिवाद आजही ऐकू येतो, कधी पुनर्विवाहाच्या, कधी परधर्मीय वा परजातीय जोडीदाराच्या, तर कधी नोकरीच्या वेळांच्या निमित्ताने.

आजारातून नुकत्याच उठत असलेल्या मेबलला ओढून नेले गेले, ते बेझंटबाईंनी १८९३ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. अपिलात ताबा मिळाला नाही. भेटीचा हक्क मात्र मिळाला. आणि येथे त्यांनी जे केले ते विचार करायला लावते. दर भेटीनंतर मुले अस्वस्थ होतात, दोन घरांच्या ओढाताणीत सापडतात, असे पाहून त्यांनी भेटी घेणेच सोडून दिले. मुले सज्ञान झाल्यावर दोघेही आपणहून आईकडे परत आली. या त्यागाचे उदात्तीकरण आम्हांला करायचे नाही. भेट सोडणे मुलांच्या भल्याचे होते की कायद्याने दमलेल्या आईची ती माघार होती, हे त्यांच्या मुलांखेरीज कोणी सांगू शकले नसते.

नियती म्हणावी, तर तिने बेझंटबाईंना पुन्हा एकदा याच प्रश्नापुढे उभे केले, आणि या वेळी उलट बाजूला. १९०९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीत नोकरीनिमित्त राहायला आलेल्या नारायणय्या नावाच्या गृहस्थांच्या मुलामध्ये, म्हणजे जे. कृष्णमूर्तींमध्ये, लेडबीटर यांना भावी जगद्गुरू दिसला. मार्च १९१० मध्ये नारायणय्यांनी कृष्णमूर्ती व त्यांचा धाकटा भाऊ नित्यानंद यांचे पालकत्व लेखी कराराने बेझंटबाईंकडे दिले. पुढे मुलांना इंग्लंडला नेण्यात आले. लेडबीटर यांचा सहवास आणि मुलाभोवती रचले जाणारे देवत्व यांना बापाचा आक्षेप होता; १९१२ मध्ये त्यांनी मुले परत मिळण्यासाठी दावा लावला. बापाच्या बाजूने सी. पी. रामस्वामी अय्यर उभे होते. बेझंटबाईंनी मद्रासेत पुन्हा स्वतःच युक्तिवाद केला. एप्रिल १९१३ मध्ये न्यायमूर्ती बेकवेल यांनी मुले परत देण्याचा हुकूम दिला, आणि अपिलातही तोच कायम राहिला.

प्रिव्ही कौन्सिलने १९१४ मध्ये हा हुकूम फिरवला, आणि त्याची कारणे मोलाची आहेत. एक तर, हिंदू कायद्यातही बाप हा नैसर्गिक पालक असून पालकत्व हा विश्वासाने सांभाळायचा ठेवा आहे. आपल्या हयातीत तो दुसऱ्याला कायमचा देऊन टाकता येत नाही, शिक्षण-संगोपनासाठी दिलेला अधिकार बापाला परत घेता येतो. म्हणजे करार बेझंटबाईंना तारू शकत नव्हता. परंतु ज्यांच्याविषयी हा सारा वाद, ती मुले खटल्यात पक्षकार नव्हती. ती इंग्लंडमध्ये राहत होती, वयाने जाणती होती, आणि त्यांची इच्छा काय हे कोणी विचारलेच नव्हते. ज्या हुकुमाची अंमलबजावणी करायला त्यांना समुद्रापार आणावे लागेल तो त्यांचे म्हणणे न ऐकता देता येत नाही. नारायणय्यांची व्यथा खरी होती, हे विसरता येत नाही. १८७८ मध्ये जी आई लेकीसाठी न्यायालयात उभी होती, तीच पस्तीस वर्षांनी दुसऱ्याच्या मुलांवरचा आपला अधिकार सांगत होती, हेही विसरता येत नाही. ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'मध्ये, आणि चिं. त्र्यं. खानोलकरांनी त्यावरून मराठीत आणलेल्या 'अजब न्याय वर्तुळाचा'मध्ये, मूल सांभाळणारीला मिळते आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. येथे सांभाळणारी श्रीमंत, सत्ताधारी वंशाची आणि एका पंथाची अध्यक्ष होती, तर जन्मदाता बाप गरीब. खडूचे वर्तुळ अशा वेळी पुरे पडत नाही.

दरम्यान हिंदुस्थानात १८९० चा पालक व पाल्य कायदा आला होता. त्याच्या सतराव्या कलमात वय, लिंग, धर्म, पालकाचे चारित्र्य यांबरोबरच विचारपूर्वक पसंती सांगण्याइतके मूल मोठे असल्यास त्याची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकेल, असे म्हटले होते. त्याचबरोबर बाप हयात आणि लायक असताना अन्य पालक नेमू नये, अशीही तरतूद होती. इंग्लंडमध्ये १९२५ च्या कायद्याने मुलाचे हित प्रथम आणि सर्वोपरी ठरवले. आपल्याकडे १९४१ च्या एका निकालात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की बाप नालायक नाही एवढ्याने प्रश्न संपत नाही. हित सर्वोपरी, आणि अगदी लहान मुलाला आईची जागा भरून काढणारे दुसरे कोणी मिळणे अशक्य आहे. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुले ही आईबापांची मालमत्ताही नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, या आशयाचे विधान केले. ते त्यानंतर असंख्य निकालपत्रांत उतरत आले आहे.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मात्र एक शब्द अडून बसला होता. अज्ञानाचा नैसर्गिक पालक 'बाप आणि त्याच्यानंतर आई', असे सहावे कलम म्हणते. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असेही तेच कलम सांगते. म्हणजे सांभाळायला आई, सहीला बाप. कादंबरीकार गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये आपल्या मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून अर्ज केला, तेव्हा बापाची सही आणण्यास सांगण्यात आले. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. वंदना शिवा यांची स्वतंत्र याचिकाही त्यांच्याबरोबर ऐकली गेली. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की 'नंतर' याचा अर्थ 'मृत्यूनंतर' एवढाच घ्यायचा नाही. कोणत्याही कारणाने बाप मुलाच्या पालनात अनुपस्थित असेल, तर त्याच्या 'अभावी' असा तो वाचायचा. घटनेतील समतेशी कलम विसंगत ठरवून रद्द करण्याऐवजी न्यायालयाने एका शब्दयोगी अव्ययाचे नवे वाचन केले. साहित्याच्या विद्यार्थ्याला अर्थनिर्णयनाचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. परंतु वाचन उदार असले तरी मजकूर तोच राहिला आणि क्रमही तोच. बाप उपस्थित असेल तेथे आई आजही दुसरीच आहे. १८९० च्या कायद्यात आईचा उल्लेख यायलाही २०१० ची दुरुस्ती व्हावी लागली.

शब्दांचा प्रश्न निघालाच आहे, तर मराठीकडेही पाहू. मुलाचा आपण 'ताबा' घेतो. जमिनीचा, घराचा, मुद्देमालाचा घेतो तसाच. इंग्लंडने १९८९ च्या कायद्यात ताबा आणि भेट यांसाठीचे जुने शब्द टाकून 'निवास' व 'संपर्क' असे शब्द स्वीकारले, आणि २०१४ मध्ये तेही बदलले. आपल्याकडे २०१५ मध्ये विधी आयोगाने संयुक्त पालकत्वाची शिफारस केली. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काहून निराळा असा संपर्काचा हक्क, म्हणजे दूरध्वनी वा दृक्‌संवादाने बोलण्याचा हक्क, मान्य केला. पण त्याहून अर्थपूर्ण शब्द दुसरा आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला आपली कायद्याची मराठी 'अज्ञान' म्हणते. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' अशी तीन अक्षरे ज्याने पाहिली असतील त्याला हा शब्द ठाऊक असतो. ज्याला आपण नावानेच अज्ञान ठरवले, त्याला काय कळते आहे हे विचारण्याचे सुचणार कसे?

आमच्या मते या खटल्यांतून दिसणारी खरी उणीव ही आहे. 'हित' हे तत्त्व निर्विवाद आहे, पण ते रिकामे भांडे आहे. प्रत्येक काळ त्यात आपली नीती भरतो. एल्डन यांनी विवाहसंस्था भरली, जेसल यांनी प्रतिष्ठा, विसाव्या शतकाने मातृत्वाची महती. त्यांतले काही बरे, काही वाईट. परंतु सगळे मोठ्यांनीच भरलेले. न्यायाधीशांनी बापाची कविता वाचली, आईची पुस्तिका वाचली, करारनामा वाचला. मुलाचे म्हणणे ऐकायला हवे होते, हे १९१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाला सांगावे लागले. आज न्यायाधीश आपल्या दालनात मुलाशी एकट्याने बोलतात, समुपदेशक अहवाल देतात. ही प्रगतीच आहे. तरी ज्याच्याकडे मूल राहते त्याचीच भाषा ते बोलू लागते, ही अडचण उरतेच, आणि त्या बोलण्यातून मुलाचा स्वतःचा आवाज वेगळा ओळखणे हे वाचनाचेच कौशल्य आहे. 'क्वीन मॅब' वाचताना एल्डन यांना कवितेतले विधान आणि बापाचे मन यांत अंतर दिसले नाही. तसे सपाट वाचन मुलाच्या बोलण्याचेही होऊ शकते.

त्या कवितेविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. 'क्वीन मॅब'मध्ये परीराणी जिच्या आत्म्याला विश्वदर्शन घडवते त्या निद्रिस्त युवतीचे नाव आयांथी आहे, आणि कविता छापली त्याच वर्षी जन्मलेल्या मुलीला शेलीने हेच नाव दिले. जो पुरावा बापाविरुद्ध गेला त्यात मुलीचे नाव होते. धाकटा चार्ल्स १८२६ मध्ये बालपणीच वारला. आयांथी जगली, १८३७ मध्ये एस्डेल घराण्यात तिचा विवाह झाला. शेलीच्या उमेदीच्या काळातील कवितांची एक हस्तलिखित वही तिच्याकडे आली आणि तिच्या वंशजांनी ती जपली. ती 'एस्डेल नोटबुक' या नावाने १९६४ साली ग्रंथरूपात प्रसिद्ध झाली. तीत तान्ह्या आयांथीला उद्देशून लिहिलेले एक सुनीतही आहे. न्यायालयाच्या दप्तरात आयांथीचे स्वतःचे असे एकही वाक्य नाही. तिच्या घरी वही मात्र राहिली.